मास्तरांचं धुकं

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मास्तरांना सगळ्यात आधी दिसली ती डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही. ती इतकी पांढरी होती की मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुखत नाही. पण बाई, कोट नवा घेतलात का?"

"पाच वर्षांचा आहे. काल ऑपरेशनच्या आधी तुम्हाला तपासलं तेव्हाही हाच होता."

कालपर्यंत हा कोट मास्तरांना चहा सांडून धुतल्यासारखा दिसत होता. एवढी शिकलेली बाई, पण कपडे नीट धूत नाही, असं त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा होतं. आणि हे कोणी सांगावं, तर ज्याने अख्खा जन्म रंगाच्या पातेल्यापाशी काढला, ज्याला पांढऱ्यातले पंधरा पांढरे वेगळे सांगता यायचे, त्या माणसाने.

बाहेर बाकावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. मास्तरांची बायको म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत, शाळेशी काडीचा संबंध नसताना. नवऱ्याला बघून त्या उठल्या.

"दिसतंय का?"

"अगं, हे काय पांघरलंयस?"

"शाल."

"ते कळतंय मला. कोणाची? असला जांभळा-निळा भडक रंग तू कधीपासून घालायला लागलीस?"

मास्तरीणबाईंनी शालीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, ही तुमचीच. तुमच्या त्या धुक्याच्या रंगाची."

"माझी? माझं धुकं राखाडी आहे!"

"दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं मी, निळं फार झालंय म्हणून. तुम्ही काय म्हणालात? तुला रंगातलं काय कळतं!"

मास्तरांनी नव्या डोळ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने पाहिलं. शाल राखाडी. मऊ, ओलसर, किंचित हिरवट, त्यांच्या मनात होती तशीच. हात त्या डोळ्यावर नेला. शाल जांभळट निळी, विजेसारखी. पुन्हा हात बदलला. राखाडी. पुन्हा निळी. दवाखान्याच्या बोळात उभं राहून त्यांनी हे इतक्या वेळा केलं, की जाणारी एक नर्स थांबून म्हणाली, "काका, बायकोलाच डोळा मारताय ना? मग चालू द्या."

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांना बसावं लागलं.

त्याचं कारण असं. मास्तर पस्तीस वर्षं एका कापडाच्या कारखान्यात रंगारी-मास्तर होते, आणि त्यांचं काम होतं जुळवण्याचं. कोणी बोटाएवढी चिंधी पाठवायचं आणि सांगायचं, असा रंग करून द्या. मास्तर तो करून द्यायचे. चिंधी आणि त्यांचा नमुना शेजारी ठेवला की कोणता कोणाचा ते पाठवणाऱ्यालाही सांगता येत नसे. पण पस्तीस वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं, की मास्तर, तुमच्या मनात कोणता रंग आहे?

विचारलं ते लेकीने. ती कापडावरची नक्षी शिकून आली आणि घरामागच्या शेडमध्ये तिने स्वतःचं काम सुरू केलं. दोन लांब टेबलं, तीन पातेली, एक वाफेची पेटी, मदतीला दोन बायका. कापडाची घडी घालून ती फळ्यांमध्ये आवळायची, ओल्या रंगावर जाडं मीठ भुरभुरायची, मेण थापून ते कुस्करायची आणि मग त्या भेगांत रंग सोडायची. दहातले नऊ प्रयोग फरशी पुसायला जायचे. "आमच्या घरची फरशीपुसणी गावात सगळ्यात देखणी," असं मास्तरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आणि वर्षातून दोनदा एक बाई यायच्या. त्यांचा धंदा म्हणजे अजून दोन वर्षांनी लोक काय घालतील ते आज सांगायचं. पेटीभर दोऱ्यांचे झुबके, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो, भिंतींचे पोपडे, वाळलेली पानं, असलं काहीबाही घेऊन त्या हिंडत, आणि त्यांच्या शब्दावर मोठमोठ्या कंपन्या कापड विणायला टाकत. शेडमध्ये त्यांचं नाव पडलं होतं हवामानबाई. त्या फाटकात दिसल्या की मदतनीस बायकांतली एक ओरडायची, "हवामान खातं आलं, वाळत घातलेलं आत घ्या!"

दोन वर्षांपूर्वी हवामानबाईंनी भाकीत केलं होतं, की लोक आता थकलेत, पुढे धुक्याचा राखाडी चालणार. तेव्हा लेक म्हणाली होती, "बाबा, धुकं तुम्ही करा. कुठलीही चिंधी समोर ठेवायची नाही. डोळे मिटा, तुम्हाला दिसेल ते करा."

मास्तरांनी दीड महिना घेतला. राखाडी करायचे, बघायचे, मातकट वाटायचा. थोडा निळा टाकायचे. अजून मातकट. अजून निळा. शेवटी एका सकाळी पातेल्यातून कापड वर काढलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हेच!" लेकीने त्या रंगात मिठाची नक्षी उतरवली. हवामानबाई आल्या, कापडासमोर आ वासून उभ्या राहिल्या, आणि आपलं भाकीत जागच्या जागी फिरवून म्हणाल्या, "धुकं आतून असंच असतं. मास्तर, तुम्ही दोन वर्षं पुढे आहात!" ते कापड कुठल्या कुठे जाऊन पोचलं. बाईंच्या छापील पुस्तकात त्याच्याखाली मास्तरांचं नाव आलं. सहासष्टाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदा कळलं की आपल्या मनातही रंग आहे. त्या पुस्तकाचं ते पान मास्तर रोज उघडून बघत, आणि कोणी खोलीत आलं की चष्मा शोधत असल्याचं सोंग करत.

ते सगळं आता त्या बाकावर बसल्या बसल्या पायाखालून सरकलं होतं.

घरी आल्यावर मास्तर चप्पलसुद्धा न काढता शेडमध्ये गेले. दोरीवर चाळीस मीटर धुकं वाळत होतं. शाल छोटी होती, तिच्याकडे पाठ फिरवता येत होती. इथे तो रंग भिंतीपासून भिंतीपर्यंत होता. मीठ जिथे जिथे पडलं होतं तिथे निळ्याची चांदणी फुटली होती, आणि तिच्या कडेने जांभळ्याची धार. रंग वाईट नव्हता, पण तो मास्तरांच्या ओळखीचाच नव्हता. आपल्या घरात शिरावं आणि आपल्या खुर्चीत दुसराच माणूस बसलेला असावा, तसं त्यांना झालं.

"पोरी," ते म्हणाले, "हे मी केलेलं नाही."

लेक टेबलावर कापड ताणत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे केलं मीच. पण मला हे दिसतच नव्हतं. मी राखाडी केला होता. डोळ्यात मोतीबिंदू होता, पिवळा. मातकट दिसायचं ते रंगामुळे नाही, डोळ्यामुळे. मी आपला निळा ओतत गेलो." त्यांनी दोरीवरचं कापड मुठीत धरलं. "जुळवायचं असतं तर चुकलो नसतो. चिंधीही त्याच डोळ्याने बघायची आणि नमुनाही त्याच डोळ्याने, मग बरोबरच येणार. मनातला काढायला गेलो आणि फसलो. तुला कळतंय का मी काय म्हणतोय?"

"हो, बाबा."

एवढंच. तिने डोळे विस्फारले नाहीत, "काय सांगता!" म्हटलं नाही, हातातली टाचणीसुद्धा खाली ठेवली नाही. तिला धक्का बसलाच नाही, आणि त्यानेच मास्तरांना दुसरा धक्का बसला, पहिल्याहून मोठा.

"तुला माहीत होतं."

लेक टाचणी बोटांत फिरवत राहिली.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीत माझा जांभळा स्वेटर तुम्ही करड्या कपड्यांबरोबर भिजत घातलात ना, तेव्हापासून."

"वर्ष झालं!"

"आधी वाटलं, गडबडीत झालं असेल. मग तुम्ही आईच्या पिवळ्या बांगड्यांना पांढऱ्या म्हणालात…"

"आणि डोळे दाखवू या, असं मी म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, घाई काय आहे? हंगाम संपू दे, म्हणालीस!"

"म्हणाले."

"का?"

"तुम्ही खूश होतात, बाबा. तुम्हाला एवढं खूश मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"आणि कामं येत होती."

तिने मान खाली घातली. "तेही होतं."

"दृष्टीआड सृष्टी म्हणतात," मास्तर म्हणाले, "तू तर माझ्या दृष्टीआडच कारखाना चालवलास."

दोघी मदतनीस बायका एवढ्या वेळात वाफेच्या पेटीमागे गेल्या होत्या आणि तिथे नसलेलं काम मन लावून करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर पहाटेच उठले. जुन्या डोळ्यावर त्यांनी रुमाल बांधला आणि नव्या डोळ्याने, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, ते स्वतःचं खरं धुकं करायला बसले. ज्या धुक्यापायी त्यांनी दीड महिना घालवला होता ते आता दोन तासांत आलं. राखाडी, ओलसर, हिरव्याचा एक थेंब. अगदी मनातलं. आता दाखवतो सगळ्यांना, मास्तरांच्या मनात काय होतं ते.

नमुना वाळत असताना सहज, सवयीने, त्यांनी कपाटातून जुनं रंगांचं कार्ड काढलं. कारखान्यात पस्तीस वर्षं वापरलेला तो रंगांच्या चिंध्यांचा पुठ्ठा. बोट फिरत गेलं आणि दोनशे चौदा नंबरच्या चिंधीवर थांबलं. नमुना शेजारी ठेवला. उजेडात नेला, सावलीत नेला, तिरका धरला.

कोणता कोणाचा, सांगता येईना.

दोनशे चौदा म्हणजे कोटाच्या अस्तराचा राखाडी. तो रंग त्यांनी हजारो वेळा केला होता. कोणाला दिसू नये म्हणूनच करायचा असतो तो. पस्तीस वर्षं तो डोळ्यांतून आत झिरपत गेला आणि एक दिवस मनातला म्हणून वर आला. मास्तर कार्ड मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. डोळ्याने फसवलं ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण मनातसुद्धा दुसऱ्याची चिंधीच असावी?

मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. दोन्ही तुकडे त्यांनी पाहिले. त्यांना सगळं सांगावं लागलं नाही.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "अस्तर काही वाईट नसतं. ऊब त्याचीच असते." आणि जरा वेळाने, "तुम्हाला सांगायला हवं होतं मी जोरात. मीही आपली, मास्तरांना कळतं म्हणून गप्प बसले."

त्याच दुपारी हवामानबाई आल्या, कारण कामच तसं निघालं होतं. एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीला धुक्याच्या घरातले अजून सहा रंग हवे होते, महिन्याभरात. सहाही मास्तरांच्याच हातचे. आणि मास्तरांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पंधरा दिवसांवर होती.

मास्तरांनी आडपडदा ठेवला नाही. बाईंना समोर बसवलं आणि कोटाच्या बाहीपासून दोनशे चौदापर्यंत सगळं सांगून टाकलं. आता ही बाई उठेल, पुस्तकातलं पान फाडेल, आपल्याला लबाड म्हणेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

हवामानबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"मास्तर! अहो, हे तर विलक्षण आहे! मला वाटतच होतं, ह्या रंगामागे काहीतरी आहे. थकलेली नजर! दोन वर्षांनी सगळं जग असंच बघणार आहे. मी छापते हे."

"दोन वर्षांनी सगळ्या जगाला मोतीबिंदू होणार म्हणा की," मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या.

"तसं नाही हो, मास्तरीणबाई…"

"मला एक सांगा," मास्तरांनी विचारलं. त्यांना राग आला होता की हसू, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "तुम्ही आधी राखाडी येणार म्हणालात. मग माझी चूक बघून निळा येणार म्हणालात. आणि निळाच आला. मग तुम्हाला पुढचं दिसतं तरी काय?"

बाई जरा गंभीर झाल्या. "खरं सांगू? मी सांगते म्हणून ते करतात, आणि ते करतात म्हणून माझं खरं होतं. पण उगाच काहीही सांगून चालत नाही. तुमच्या कापडापुढे मी थबकले, ते खोटं नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुसरा डोळा अजून तसाच आहे ना? मग चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून सहा रंग करता येतील की. ऑपरेशन काय, दोन महिन्यांनीही होतं."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. सहा रंग म्हणजे दोन मदतनीस बायकांचं वर्षभराचं काम, छपराची डागडुजी, लेकीचं नाव. तिने एक शब्द उच्चारला असता तर मास्तरांनी पट्टी बांधली असती, हे त्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पांढरा मास्तरांना आता नीट दिसत होता.

"नाही," ती म्हणाली. "तारीख बदलायची नाही. कंपनीला सांगा, रंग मी करेन. नको असतील तर राहू देत."

"पण हात मास्तरांचा…"

"एक वर्ष मी त्यांचा डोळा वापरलाय, बाई. बस झालं."

पंधरा दिवसांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, पण तुमचं तोंड मात्र एकही डोळा नसल्यासारखं आहे," मास्तरीणबाईंनी दवाखान्यात ऐकवलं. लेक सोबत होती. औषधांच्या वेळा तिने पाठ केल्या होत्या. पण बापलेकींत बोलणं होत होतं ते थेंबांपुरतं. सकाळचे दोन, दुपारचे दोन, संध्याकाळचे दोन.

चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून मास्तर शेडमध्ये गेले. दोन्ही बायका जेवायला गेल्या होत्या. पातेल्यासमोर लेक पाठमोरी उभी होती, आणि चाचपडत होती. तराजू शोधताना तिचा हात दोनदा हवेत गेला.

"पोरी! काय झालं तुझ्या डोळ्यांना?"

ती वळली. तिने चष्मा लावला होता आणि त्याच्या काचांवर खोकल्याच्या गोळ्यांचे पिवळट तपकिरी पारदर्शक कागद चिकटवले होते, एकावर एक. आणि त्या कागदांखालून तिच्या गालांवर पाणी ओघळत होतं.

"काही झालं नाही, बाबा. तुम्हाला कसं दिसायचं ते बघत होते. सकाळपासून बघतेय." तिने नाक ओढलं. "इतकं अंधारलेलं होतं? रोज? ह्याच्यात तुम्ही जिना चढायचात, उकळतं पातेलं उतरवायचात… आणि मी म्हणाले, घाई काय आहे."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. त्यांना स्वतःलाही कधी अंधार वाटला नव्हता तो. हळूहळू येणारं कोणाला कळतं? पण आता समोर लेक त्यात उभी होती, आणि तो त्यांना बाहेरून दिसत होता.

रागाचं जे काही उरलं होतं ते त्यांनी हुडकलं. सापडलं, पण थोडंच होतं.

"किती कागद लावलेस?"

"चार."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझा फार पिकला होता. अजून एक लाव."

तिने पाचवा कागद लावला. "बाबा, काहीच दिसत नाही."

"दिसतं. जरा थांब. घाबरू नकोस, पातेलं तुझ्या डाव्या हाताला आहे, मी धरलंय." ते स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. "आता मनात कोणता आहे?"

"शेवाळी. जुन्या दगडावरचा."

"कुठल्या कार्डावरचा नाही ना?"

"माहीत नाही हो, बाबा."

"नसेल माहीत. कोणालाच नसतं. टाक."

तिने हिरवा टाकला, ढवळला, कापडाची पट्टी बुडवून वर काढली, डोळ्यांजवळ नेली आणि मान हलवली. निळा टाकला. पुन्हा पट्टी. पुन्हा मान हलवली. अजून निळा. मास्तर काळा चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही डोळ्यांनी बघत होते. पातेल्यात काहीतरी भयंकर होत होतं. हिरव्याच्या पोटातून असला निळा वर येत होता की त्यांनी आयुष्यात कधी कापडावर चढू दिला नसता. पस्तीस वर्षांच्या सवयीने "पुरे" हा शब्द तीनदा ओठांवर आला, तीनदा त्यांनी तो गिळला.

"अजून थोडा?" लेकीने विचारलं.

"मला काय विचारतेस? तुला दिसतंय ते बघ."

तिने अजून टाकला. मास्तरांनी स्टुलाची कड घट्ट धरली आणि बघत राहिले.